रिपोर्ट चांगला आला, तरी भीती का जात नाही?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीच्या मुलांनी मला सांगितले, "काका, आरोग्यावर काहीतरी बोला." आता मी काही डॉक्टर नाही. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त काढणे, नळ्यांवर नंबर टाकणे आणि रजिस्टर लिहिणे, यात माझी सारी नोकरी गेली. मधुमेहावर, रक्तदाबावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज अशा विषयावर बोलणार आहे की ज्याचे नाव घेतले की माणसे खाली बघायला लागतात. विषय आहे एच.आय.व्ही.चा. पण ज्यांना एच.आय.व्ही. आहे त्यांच्याविषयी मी थोडे बोलणार आहे. ज्यांना तो नाही, रिपोर्टवर तसे स्पष्ट लिहून आले आहे आणि तरीही ज्यांची झोप उडाली आहे, त्यांच्याविषयी जास्त बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, हा कसला विषय? ज्याला आजारच नाही त्याच्याविषयी काय बोलायचे? तर बंधूंनो, तो माणूस एके काळी मी स्वतः होतो. म्हणून बोलतो.

गोष्ट १९९६ सालची. त्या वेळचे वातावरण वडीलधाऱ्यांना आठवत असेल. भारतात या विषाणूचा पहिला पत्ता १९८६ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत लागला. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, जिला आपण नाको म्हणतो, ती सुरू झाली. भिंतींवर पाट्या रंगल्या होत्या, पण गरिबाला परवडेल असे औषध नव्हते. एड्स म्हणजे मरण आणि तेही बदनाम मरण, एवढेच लोकांना ठाऊक होते.

एके दुपारी वापरलेल्या सुईला टोपण लावताना ती माझ्या अंगठ्यात घुसली. हातमोजा पातळ होता. सुई कोणत्या रुग्णाची, हे कळायला मार्ग नव्हता. मी साबणाने हात धुतला, साहेबांना सांगितले. त्याच दिवशी माझे रक्त तपासले. पुन्हा सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तपासले. चारही वेळा निगेटिव्ह. असे शेकडो रिपोर्ट मी स्वतः रजिस्टरात चढवले होते. दुसऱ्याच्या रिपोर्टावर माझा पूर्ण विश्वास होता. स्वतःच्या रिपोर्टावर मात्र बसेना!

काय काय केले म्हणून सांगू? सकाळी उठलो की आरशासमोर जीभ बाहेर काढायची. पांढरी दिसते का? मानेत, काखेत गाठ लागते का, म्हणून दिवसातून वीस वेळा चाचपायचे. चाचपून चाचपून ती जागा दुखायला लागली. दुखायला लागली म्हणजे गाठ आहे, असे वाटायला लागले. रेल्वे स्टेशनवर वजनाचे यंत्र असायचे, आठवते ना? रंगीत दिवे, फिरणारे चाक. नाणे टाकले की वजनाचे तिकीट खाली पडायचे आणि त्यावर भविष्य छापलेले. मी रोज कामावर जाताना एका स्टेशनवर वजन करायचो आणि येताना दुसऱ्या स्टेशनवर. सकाळी अठ्ठावन्न किलो, संध्याकाळी छप्पन्न! दोन यंत्रांत फरक असेल, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. मला कळले नाही. मला वाटले, एका दिवसात दोन किलो गेले. आज तुम्ही हसता, हसा. मी त्या फलाटावर बाकावर बसून रडलो होतो.

पुढे तर मी घरात वेगळे ताट केले. वेगळा पेला, वेगळा टॉवेल. बायकोला सांगितले, "मला कावीळ होऊन गेली आहे, डॉक्टरांनी सांगितले आहे." मुलगी तीन वर्षांची होती, ती धावत आली की मी तिला बाजूला सारायचो. ताटाने, पेल्याने, मिठी मारल्याने एच.आय.व्ही. होत नाही, हे मी रुग्णालयात दहा जणांना दररोज समजावून सांगत होतो. आणि घरी येऊन हे असे.

सहावा महिना उलटून गेला तरी ताट वेगळेच. तेव्हा गावाहून आई आली. दोन दिवस तिने गुपचूप पाहिले. तिसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "आरं, गावाकडं हाटेलात आपल्यासाठी येगळा कप असायचा. कान तुटलेला. बाहेर वळचणीला खोचलेला. आपणच घ्यायचा, आपणच धुवायचा. तो कप नको म्हणून तर बाबासाहेबांच्या मागं गेलो आपण. आन् तू तोच कप परत घरात आणलास?"

मला बोलता येईना. माझी आई शाळेत गेलेली नव्हती. पण तिने बरोबर ओळखले. मी स्वतःलाच अस्पृश्य केले होते. आमच्या बापजाद्यांना ज्या गोष्टीने जाळले, ती मी माझ्या हाताने माझ्या घरात, माझ्याच पानावर वाढून घेतली होती. त्या रात्री मी आईला आणि बायकोला सुईची सारी हकिकत सांगितली. बायको काही बोलली नाही. उठली, माझे वेगळे ताट मांडणीतल्या इतर ताटांत मिसळून टाकले. दुसऱ्या दिवशी कोणते ताट माझे होते ते मलाही ओळखू येईना.

भीती त्या दिवशी गेली का? नाही. खोटे कशाला बोलू? पण उतरायला तिथून सुरुवात झाली. आमच्याकडच्या एका वयस्क डॉक्टरांनी मला सांगितले, "तुझा आजार रक्तात नाही, तो तपासण्यात आहे. जितका तपासशील तितका वाढेल." हे वाक्य मला समजायला बरेच दिवस लागले. ते आज तुम्हाला समजावून सांगतो.

भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन नावाचे द्रव्य सुटते. साप दिसला तर पळता यावे, म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. त्याने छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, पोट बिघडते. साप निघून गेला की हे थांबते. पण साप डोक्यातच असेल तर? मग ते रोज चालू राहते. भूक मरते, झोप जाते, मग वजनही खरोखरच घटते. आणि घटलेले वजन पाहून माणूस म्हणतो, "बघा, मी म्हणत नव्हतो?" म्हणजे भीतीनेच लक्षणे तयार केली आणि लक्षणांनी भीती वाढवली. हे चाक त्या वजनाच्या यंत्रासारखे गरगर फिरत राहते.

अशा वेळी माणूस पुन्हा तपासणी करतो. रिपोर्ट चांगला येतो. दोन दिवस बरे वाटते. तिसऱ्या दिवशी मन विचारते, "नळी बदलली नसेल ना? किट जुने नसेल ना?" मग पुन्हा लॅब. प्रत्येक तपासणी मनाला शिकवते की धोका खरा होता म्हणून तर तू तपासलेस. खाज सुटली की खाजवावे, तसे आहे हे. तेवढ्यापुरते बरे वाटते आणि जखम वाढते.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे, संयुक्त निकायात तो आहे. एक बाण शरीराला लागतो. त्यावर शोक करून, कण्हून अज्ञानी माणूस दुसरा बाण मनाला लावून घेतो. माझ्या अंगठ्यात सुई एकदाच घुसली. मनात मी ती रोज घुसवत होतो.

आता आजकालची एक गोष्ट सांगतो. मुलगा आपल्या वस्तीतला नाही, लांबचा आहे; नाव विचारू नका. लग्न झालेला, पहिल्या बाळाचा बाप. एकदा पाय घसरला, नको तिथे गेला. नंतर घाबरला. सहा आठवड्यांनी तपासणी केली, निगेटिव्ह. तीन महिन्यांनी केली, निगेटिव्ह. तिथे विषय संपायला हवा होता. पण त्याने वेगवेगळ्या लॅबमध्ये, वेगवेगळ्या नावांनी आणखी पाच वेळा रक्त दिले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर लक्षणे शोधायची. बायको बाळंतपणाहून परत आली, तर हा बाळाला उचलून घेईना. तिला वाटले, याला मुलगी नको होती. विचार करा, त्या माउलीने काय समज करून घेतला असेल!

मी त्याला रिपोर्टविषयी काहीच बोललो नाही. एवढेच विचारले, "बाबा, तुला नक्की भीती कशाची वाटते?" बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बायकोला कळेल याची."

बघा! रोगाच्या भीतीखाली काय लपलेले होते? अपराध. त्याच्या मनात होते की मी चूक केली, मला शिक्षा व्हायलाच हवी, आणि रिपोर्ट मला सोडून कसा देतो? पण रक्ताची तपासणी रक्तातले विषाणू शोधते. मनातला अपराध शोधण्याचे किट अजून निघालेले नाही, आणि तो धुऊन काढण्याचेही नाही. तो अपराध जिथे आहे तिथेच मिटवावा लागतो. सांगायचे की नाही, हा त्याचा निर्णय होता. पुढे त्याने बायकोला सांगितले. ती रागावली, माहेरी गेली, महिन्याने परत आली. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. पण आता तो मुलीला खांद्यावर घेऊन फिरतो, हे मी पाहिले आहे.

तेव्हा मित्रहो, असा प्रसंग कुणावर आला तर काय करायचे, ते आता नीट ऐका.

पहिली गोष्ट, तपासणी योग्य जागी आणि योग्य वेळी करा. सरकारी रुग्णालयांत समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत, त्यांना आय.सी.टी.सी. म्हणतात. तिथे तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहते, तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. संबंध आल्यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीत काही कळत नाही. रक्तात पुरावा दिसायला काही आठवडे लागतात, त्याला विंडो पिरियड म्हणतात. तीन महिने पूर्ण झाल्यावर चाचणी निगेटिव्ह आली आणि मध्ये नवीन धोका घडला नसेल, तर उत्तर "नाही" असे आहे. अर्धवट नाही, पूर्ण नाही. नवा धोका घडला तरच नवी तपासणी. मन घाबरले म्हणून तपासणी नाही.

दुसरी गोष्ट, खराच मोठा धोका घडला असेल, सुई टोचली असेल, निरोध फाटला असेल, कुणी जबरदस्ती केली असेल, तर घरात बसून रडू नका. ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले, सरकारी रुग्णालयात जा. प्रतिबंधक गोळ्या असतात, त्या २८ दिवस घ्याव्या लागतात. माझ्या वेळी मला कुणी त्या दिल्या नाहीत. आज त्या आहेत. आणि हेही ध्यानात ठेवा की एच.आय.व्ही. असलेल्या रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली तरी हजारांत साधारण तिघांनाच लागण होते. हे मी त्या फलाटावरच्या बाकावर स्वतःला सांगायला हवे होते.

तिसरी गोष्ट, लक्षणांवरून एच.आय.व्ही. ओळखता येत नाही. ताप, घसा, पुरळ, अशक्तपणा, ही लक्षणे साध्या व्हायरल तापाचीही आहेत. रिपोर्ट निगेटिव्ह आहे आणि ताप येतो, तर तापाचा इलाज करा. डॉक्टर एकच ठेवा आणि फाईल एकच ठेवा. दहा डॉक्टरांना दाखवले की दहा मते मिळतात आणि अकरावी भीती तयार होते.

चौथी गोष्ट, तपासणे हळूहळू कमी करा. मी काय केले सांगतो. एका वहीत रोज लिहायला लागलो की आज गाठ किती वेळा चाचपली. वीस. दुसऱ्या आठवड्यात ठरवले, पंधराच. मग दहा. मग फक्त आंघोळीच्या वेळी. वजन महिन्यातून एकदा, एकाच यंत्रावर! हात शिवशिवायचा, जीव कासावीस व्हायचा. पण भीतीला खायला दिले नाही तर ती थोड्या वेळाने आपोआप ओसरते, हे मला त्या वहीने शिकवले. आजच्या मुलांसाठी मी म्हणेन, रात्री लक्षणे शोधायची नाहीत. मोबाईल उशाखाली नको, दुसऱ्या खोलीत ठेवा. खोली एकच असेल तर मांडणीवर ठेवा.

पाचवी गोष्ट घरच्यांसाठी, विशेषतः माझ्या भगिनींसाठी. असा माणूस शंभर वेळा विचारेल, "मला काही झाले नाही ना?" शंभर वेळा उत्तर देऊ नका. एकदा प्रेमाने सांगा, "रिपोर्ट आपण पाहिला आहे." मग म्हणा, "चल, भाजी आणायला जाऊ." टोमणा मारू नका, "नाटक करतो" म्हणू नका. त्याचा रोग खोटा असेल, पण त्याचे हाल खरे आहेत.

सहावी गोष्ट, एवढे करूनही झोप येत नसेल, कामावर जाववत नसेल, जगणे नको वाटत असेल, तर मानसोपचार विभागात जा. त्यात लाज कसली? ही चिंता हा ओळखलेला आजार आहे. बोलून करायचे उपचार आहेत, गरज पडली तर गोळ्याही आहेत, आणि माणसे बरी होतात. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही फोन सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येते. एच.आय.व्ही.विषयी शंका असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे. दोन्ही नंबर आज विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा, अशी माझी समितीला विनंती आहे. कुणाला उपयोग होईल ते सांगता येत नाही, आणि ज्याला होईल तो सांगणारही नाही.

आता शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. निगेटिव्ह रिपोर्ट हातात असलेला माणूस एवढा का घाबरतो? कारण पॉझिटिव्ह माणसाला आपण कसे वागवतो, ते त्याने पाहिलेले असते. तो विषाणूला भितो त्यापेक्षा जास्त आपल्याला भितो! आज परिस्थिती काय आहे? १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एच.आय.व्ही.ची औषधे मोफत मिळू लागली. आज नियमित गोळ्या घेणारा माणूस संसार करतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. औषधाने रक्तातला विषाणू इतका दबला की तपासणीत सापडत नाही, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. २०१७ साली कायदा झाला, सप्टेंबर २०१८ मध्ये तो लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करणे, नाव फोडणे, नोकरीत भेदभाव करणे यांना त्यात मनाई आहे. कायदा बदलला, औषध बदलले. आपल्या मांडणीतले वेगळे ताट बदलले का, हे आपण आपल्याला विचारायचे.

आपल्याला वेगळ्या कपाचा अर्थ कुणी शिकवायची गरज नाही. ज्याला एच.आय.व्ही. आहे त्याच्यासाठी तो कप आपण ठेवला नाही, तर ज्याला नाही त्याची भीतीही निम्मी कमी होईल. माझी आई आज हयात नाही. पण ती जे बोलली, ते या विहारात, आपल्या माणसांसमोर एकदा सांगावे, असे पुष्कळ वर्षे मनात होते. आज सांगितले. मुलगी समोर बसली आहे. लहानपणी बाबा तिला जवळ का घेत नव्हते, हे तिलाही आजच कळले असेल.

कुणाला काही विचारायचे असेल तर चारचौघांत नको. मी रोज संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर असतो. या, बसा, बोला. मी कुणाचे नाव विचारत नाही.



जयभीम! नमो बुद्धाय!